खते आणि लहान शेतकरी, महाराष्ट्रातील

पिकांनी जमिनीतून घेतलेली पोषकद्रव्ये भरून काढण्यासाठी जमिनीत जे पदार्थ मिसळतात त्यांना खते म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या रसायनाचा विचार केलेला नसून, महाराष्ट्रातील लहान शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोणती खते वापरली, ती त्याला कोठून मिळाली आणि त्यांचा मोबदला त्याने कोणत्या रूपात दिला, एवढ्याच प्रश्नांचा मागोवा घेतला आहे. खताचे महत्त्व शेतकऱ्याला ठाऊक नव्हते व ते त्याला सरकारी खात्यांनी शिकविले, असा सूर जुन्या अहवालांतून आणि पुढे प्रचारपत्रकांतूनही पुष्कळदा उमटतो. उपलब्ध पुरावा त्याला दुजोरा देत नाही. लहान शेतकऱ्याजवळ खताच्या ज्ञानापेक्षा गुरे, सरपण, पाणी, रोकड आणि जमिनीवरील निश्चित हक्क यांचीच वाण अधिक होती, आणि या पाच गोष्टींच्या चढउताराबरोबर त्याच्या खताचे स्वरूप पालटत गेले.

शासकीय व्याख्येप्रमाणे १ हेक्टरपर्यंत (सु. अडीच एकर) जमीन असणारा तो सीमांत आणि १ ते २ हेक्टर जमीन असणारा तो लहान शेतकरी होय. ही व्याख्या अलीकडची असली, तरी जमिनीचे तुकडे पडण्याची क्रिया जुनी आहे. पुणे कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. तीनुसार त्या गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ साली सु. ४० एकर होते, ते १९१४–१५ मध्ये सु. ७ एकरांवर आले होते. (हे गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात सामावले असून तेथील शेतांच्या जागी गृहसंकुले उभी आहेत.) राज्याच्या पातळीवर कृषिगणनेप्रमाणे सरासरी धारणक्षेत्र १९७०–७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५–१६ मध्ये ते १.३४ हेक्टर भरले. जमीन जितकी लहान तितकी तिच्यावर पोसता येणारी गुरे कमी, आणि गुरे जितकी कमी तितके खत कमी, हा हिशेब या सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

शेणखत व सरपण : भरखतांत शेणखत मुख्य. गोठ्यातील शेण, मूत्राने भिजलेला पाचोळा, चुलीतील राख व घरातील केरकचरा परसातील वा गावाबाहेरील उकिरड्यात साठवून तो वैशाखात गाड्यांनी शेतात नेऊन पसरण्याची रीत सर्वत्र होती. उकिरड्याची निगा मुख्यतः घरातील स्त्रियांकडे असे. शेणकूर करणे, पाट्या वाहणे, गोवऱ्या थापणे, गायरानातून रानगोवऱ्या वेचून आणणे ही कामे त्याच करीत. मात्र शेतीच्या खर्चाच्या हिशेबात या श्रमांची नोंद क्वचितच आढळते. उघड्या उकिरड्यात उन्हाने व पावसाने नत्राचा (नायट्रोजनाचा) मोठा अंश वाया जातो आणि मूत्र तर बहुतांशी जमिनीतच मुरते, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त होता. दुसरा आक्षेप असा, की शेतकरी शेण जाळून टाकतो. त्याचा विचार अधिक सावधपणे करावयास हवा.

इंग्लंडमधील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानभर हिंडून शेतीची पाहणी केली. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी व रूढिग्रस्त आहे ही तत्कालीन समजूत त्यांनी बाजूला सारली आणि चांगला हिंदी रयत सर्वसामान्य इंग्रज शेतकऱ्याहून उणा नाही, असे मत नोंदविले. जेथे लाकूडफाटा मिळतो तेथे शेतकरी शेण जाळीत नाही; शेण चुलीत जाते ते सरपणाच्या टंचाईमुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून त्यांनी खताच्या प्रश्नावर उपाय सुचविला तो सरपण व चारा यांसाठी गावांजवळ राखीव वने लावण्याचा. खताचा प्रश्न कृषिखात्याच्या कक्षेतून काढून वनखात्याच्या दारात नेऊन ठेवणारी ही शिफारस होती, आणि तिची अंमलबजावणी फारच थोडी झाली.

व्होएल्कर यांच्या आधी सु. दहा वर्षे जोतीराव फुले यांनी हेच दुखणे शेतकऱ्याच्या बाजूने मांडले होते. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी डोंगरावरील पालापाचोळा, गवत व मेलेले जीवजंतू कुजून त्यांचा कस पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरत असे, या निरीक्षणाकडे लक्ष वेधले. सरकारने डोंगर, दऱ्या व गायराने जंगलखात्याच्या ताब्यात दिल्यामुळे शेतकऱ्याची गुरे, शेळ्या-मेंढ्या यांना चरण्यास जागा उरली नाही व त्याबरोबर जमिनीचे खतही गेले, ही त्यांची मुख्य तक्रार होती. लष्करातील शिपाई व पोलीस यांच्याकडून ताली व बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे हे पाणी शेतांतून मुरत मुरत पुढे ओढ्यानाल्यांस मिळेल, अशी सूचना त्यांनी केली. मृद्‌संधारण हा शब्द रूढ होण्यापूर्वी पुष्कळ वर्षे केलेली ही मांडणी खताच्या इतिहासात वस्तुतः फार महत्त्वाची आहे. कृषिविषयक लेखनात मात्र तिची दखल उशिरा घेतली गेली.

राब : कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हा वाद सर्वांत तीव्र झाला. भाताचे रोप जेथे तयार करावयाचे त्या दाढीच्या जमिनीवर शेण, झाडांच्या फांद्यांची तोड म्हणजे कवळ, पाचोळा व गवत यांचे थर देतात, वरून मातीचा हात फिरवितात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते पेटवून देतात. यास राब भाजणे म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर त्या जागी बी पेरले, की रोप जोमदार येते व तणाचा उपद्रव कमी होतो. भातखाचर थोडे आणि राबासाठी लागणारा माल पुष्कळ, अशी या पद्धतीची घडण असल्यामुळे ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत भातजमिनीला जोडून वरकस जमीन असे. तिच्यावरील गवत व झाडपाला राबासाठी उपयोगी पडे. वरकस अपुरी असलेले लहान खातेदार व वारली, ठाकूर, कातकरी यांच्यासारखे लोक मात्र जंगलावरच अवलंबून होते.

१८७८ च्या वन अधिनियमानंतर जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या व कवळ तोडणे हा अपराध ठरू लागला. असंतोष वाढल्यामुळे मुंबई सरकारने १८८५ साली एक वन आयोग नेमला. राबासाठी झाडे छाटण्याचा हक्क हा त्याच्यापुढील वादाचा एक प्रमुख विषय होता. राब ही केवळ नासधूस आहे, असे वनखात्याचे म्हणणे, तर राबाशिवाय भाताचे रोप होत नाही, असे शेतकऱ्याचे म्हणणे. या वादाचा शास्त्रीय निवाडा करण्यासाठी प्रयोग सुरू झाले. मान यांनी ना. वि. जोशी व ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेले राबाविषयीचे संशोधन १९१२ साली प्रसिद्ध झाले. राबाचा गुण केवळ राखेतील क्षारांत नसून माती तापल्यामुळे तीत घडून येणाऱ्या बदलांतही आहे, असे त्यातून दिसून आले. शेतकऱ्याच्या रूढीमागे काही कारण होते ते असे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. तोपर्यंत तीस वर्षे तो त्या रूढीपायी दंड भरीत आला होता.

मेंढ्या बसविणे : देशावरील कोरडवाहू भागात लहान शेतकऱ्याला खत मिळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे धनगरांचे वाडे. सुगीनंतर रिकाम्या शेतात रात्री मेंढ्यांचा कळप बसवितात. लेंड्या व मूत्र दोन्ही जागच्या जागी पडत असल्याने नत्राचा नाश कमी होतो, वाहतुकीचा खर्च पडत नाही व स्वतःची गुरे नसली तरी चालते. मोबदला पूर्वी मुख्यतः धान्याच्या रूपाने देत. अलीकडे रोकडही देतात. ज्याचे शेत मोठे त्याच्याकडे कळप अधिक रात्री मुक्काम करी, आणि अर्ध्या एकराच्या धन्याला एखाद्या रात्रीवर समाधान मानावे लागे. तरीही मोबदला धान्याने चुकता होई आणि पीक आल्यावर देता येई, या दोन कारणांनी ही व्यवस्था लहान शेतकऱ्याला परवडणारी होती. बाजारातील खताने पुढे नेमकी हीच सोय काढून घेतली.

सोनखत व जोरखते : नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात उसाची लागवड वाढली. ऊस हे खादाड पीक. एकरी वीस, तीस, चाळीस गाड्या शेणखत घालूनही त्याची भूक भागत नसे. पुणे शहराजवळच्या हडपसर-मांजरी भागातील बागाइतदार सोनखत घेऊ लागले. हे खत नगरपालिका मैल्यात राख व कचरा मिसळून आणि तो वाळवून तयार करवीत असे. प्रथम सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेने त्याला विरोध झाला. उसाचे उत्पन्न दिसल्यावर तो ओसरला आणि खताला चांगला भाव येऊ लागला. ज्या जातींच्या माणसांकडून मैला वाहण्याचे काम करवून घेतले जाई, त्यांच्या वाट्याला त्या भावातील काय आले, हे मात्र अहवालांत कोठे विचारलेले दिसत नाही. या कामावर कायद्याने बंदी आली ती १९९३ साली. २०१३ साली अधिक कडक अधिनियम झाला.

कालव्यापासून दूर शहराचे सोनखत पोहोचत नसे. तेथे करडई, करंज, भुईमूग व एरंडी यांची पेंड वापरात आली. पेंडीसारख्या, थोड्या वजनात अधिक नत्र देणाऱ्या सेंद्रिय खतांना जोरखते म्हणतात. वसईच्या केळीच्या व पानवेलीच्या बागांत पेंडीबरोबर वाळलेली मासळीही घालीत. कोकणपट्टीत मासळीचे खत नारळीला देण्याची चाल जुनीच आहे. पेंड मात्र रोख पैसे मोजून घ्यावी लागते, आणि तीही पीक हाती येण्यापूर्वी दहा-बारा महिने. खत प्रथमच कर्जाचा विषय झाले ते येथे. सावकार पेंडीसाठी पैसे देई व गूळ आपल्याच अडतीवर आणण्याची अट घाली. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या अधिनियमानंतर आणि विशेषतः मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेच्या १९११ मधील स्थापनेनंतर नीरा खोऱ्यातील ऊस उत्पादकांच्या पतपेढ्यांना कर्जे मिळू लागली. महाराष्ट्रातील कृषिपतपुरवठ्याचा प्रारंभकाळ अशा रीतीने बऱ्याच अंशी पेंडीच्या पोत्यांभोवती फिरतो. १९३२ साली पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. पेंडीच्या जोडीला अमोनियम सल्फेट देण्याचा प्रघात कालव्यांवर याच सुमारास रुळत गेला.

तेलबिया व हाडे यांची मुंबई बंदरातून परदेशी निर्यात होत असे व त्याबरोबर देशातील खतही बाहेर जात असे. ही निर्यात थांबवावी अशी मागणी झाली. तथापि लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषि आयोगाने (१९२८) निर्यातबंदीची सूचना मान्य केली नाही.

कंपोस्ट : अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची पद्धती सिद्ध केली. तिचे वर्णन करणारा ग्रंथ (१९३१) त्यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने लिहिला. शेणाचा अंश थोडा व पालापाचोळा अधिक, असा हा मेळ असल्यामुळे थोड्या गुरांच्या शेतकऱ्याला ती सोयीची ठरावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ढीग वरचेवर चाळविणे, त्यावर पाणी मारणे या कामांस मजूर व पाणी लागते, आणि ज्वारीचा कडबा किंवा भाताचा पेंढा ही गुरांची वैरण असल्याने कुजविण्यासाठी काडीकचरा शिल्लक राहत नाही. पद्धती मळ्यांवर व संस्थांच्या शेतांवर टिकली. लहान शेतकऱ्याने तिच्यातून खड्डा उचलला, बाकीचे सोडून दिले. आणि त्याच्या दृष्टीने हेच व्यवहार्य होते.

युद्धोत्तर काळ : दुसऱ्या महायुद्धातील अन्नटंचाईमुळे ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. आयात व देशी वरखतांचे वाटप एका ठिकाणाहून करण्यासाठी १९४४ साली मध्यवर्ती खतसंचय स्थापन झाला. बिहारमधील (आता झारखंड) सिंद्री येथील कारखान्यात १९५१ च्या अखेरीस अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी साऱ्या देशातील रासायनिक खतांचा वापर दर हेक्टरी १ किग्रॅ. पोषकद्रव्याहूनही कमी होता. ए. बी. स्ट्युअर्ट यांच्या १९४७ मधील अहवालानंतर शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतांवर साधे खतप्रयोग घेण्यास प्रारंभ झाला. संशोधन केंद्रावरील सुपीक जमिनीतले निष्कर्ष जशाच्या तशा स्वरूपात गावात लागू करण्याची चूक त्यामुळे काही अंशी टळली.

१९५३ पासून देशभर प्रसार झालेल्या भातशेतीच्या जपानी पद्धतीचे आरंभीचे प्रयोग मुंबईजवळ बोरिवली येथील कोरा ग्रामोद्योग केंद्रात झाले होते. मूळचे विदर्भातील, तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांनी या मोहिमेस जोराची चालना दिली. गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, भरपूर कंपोस्ट आणि अमोनियम सल्फेट ही तिची अंगे. सत्तर वर्षे जंगलखात्याला न जमलेली गोष्ट, म्हणजे राबाला पर्याय देणे, ती या पद्धतीने काही प्रमाणात साधली. परंतु जंगलातून फुकट मिळणाऱ्या कवळाच्या जागी आता विकतचे पोते आले. डोंगराळ भागात राब नाहीसा झाला नाही, तो त्यामुळेच.

खत आणि कूळ : खताच्या वापरावर जमिनीच्या हक्काचा परिणाम किती खोल होतो, हे शेणखत व वरखत यांची तुलना केल्यास स्पष्ट होते. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे टिकतो; यूरिया वा अमोनियम सल्फेट यांचा बहुतेक परिणाम त्याच हंगामात संपतो. वर्षाच्या बोलीने अर्धेलीवर जमीन कसणारा मनुष्य तीत शेणखत घालीत नाही, कारण पुढच्या वर्षी त्या कसाचा लाभ दुसऱ्याला मिळणार असतो. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम (१९४८) व त्यातील दुरुस्तीप्रमाणे पाळलेला १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन यांमुळे पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ कुळे मालक झाली. बांधबंदिस्ती व शेणखत यांवर खर्च करण्यास त्यांना प्रथमच आधार मिळाला. त्याचबरोबर कागदावर न येणारी, तोंडी बोलीची वाटेकरी पद्धती वाढली. तिच्यात खत म्हणजे हंगामी पोते एवढाच अर्थ उरला.

संकरित वाण व कोरडवाहू शेती : १९६४ साली सीएसएच–१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसृत झाला आणि १९६६ पासून अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा कार्यक्रम देशभर राबविण्यात आला. या वाणांना वरखताची जोड अपरिहार्य होती. तुर्भे (मुंबई) येथील कारखाना १९६५ साली सुरू झाला व त्याचे ‘सुफला’ हे मिश्रखत गावोगाव माहीत झाले. गोव्यातील झुआरीनगरच्या कारखान्यातून १९७३ पासून ‘जय किसान’ हे नाव कोकण व दक्षिण महाराष्ट्रात पोहोचले. रायगड जिल्ह्यातील थळ-वायशेत प्रकल्प मुंबई हायच्या वायूवर १९८५ मध्ये चालू झाला. शेतकऱ्यांनी या खतांना त्यांच्या पोत्यांवरील आकड्यांवरून नावे दिली. ‘दहा-सव्वीस-सव्वीस’, ‘अठरा-सेहेचाळीस’ असे शब्द ज्याला अक्षरओळख नाही त्याच्याही तोंडी बसले. नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण इतक्या सहजतेने बोलीत मुरावे, हे प्रचारखात्याच्या कोणत्याही यशापेक्षा मोठे म्हटले पाहिजे.

वरखताचे आकर्षण समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. शेणखतात नत्राचे प्रमाण सु. ०.५ टक्का, तर यूरियात ४६ टक्के. यूरियाच्या ४५ किग्रॅ.च्या एका पोत्यात सु. २०.७ किग्रॅ. नत्र असते. तितके नत्र देण्यास चार टनांहून अधिक, म्हणजे सु. आठ गाड्या शेणखत लागते, आणि तेही पहिल्या वर्षी सर्व उपलब्ध होत नाही. एका बैलजोडीच्या शेतकऱ्याला आठ गाड्या खत साठविणे कठीण. पोते मात्र सायकलवर येते. शेणखत मातीचा पोत सुधारते, ओल धरून ठेवते व सूक्ष्म घटक पुरविते, हे या हिशेबात येत नाही. ती तूट कित्येक वर्षांनी जमिनीत दिसू लागते.

महाराष्ट्रातील पिकांखालील क्षेत्रापैकी सु. पंचमांश क्षेत्रासच सिंचनाची सोय आहे. उरलेल्या क्षेत्रात खताचा पैसा पावसावर लावलेला असतो. पेरणीबरोबर खत दिले आणि पावसाने ओढ दिली, तर बी जाते, खत जाते व कर्ज राहते. १९७२ च्या दुष्काळाने हा अनुभव अनेकांना दिला. या बाबतीत सोलापूर येथील कोरडवाहू शेती संशोधन केंद्राचे (स्थापना १९३३) कार्य उल्लेखनीय आहे. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. खत वरून फेकल्यास ते कोरड्या थरात पडून राहते. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी ओलीत पेरावे, अशी शिफारस झाली. एका चाड्याची पाभर शेतकऱ्याच्या घरी होतीच. गावच्या सुताराकडून तिला दुसरे चाडे बसवून घेण्याइतकाच हा बदल होता, आणि म्हणूनच तो रुजला.

पतपुरवठा व किंमत : गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे सभासद होते त्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने (१९५४) तारणाऐवजी पिकाच्या आधारे कर्ज देण्याचा पुरस्कार केला. पुढे गावातील सेवा सहकारी सोसायटी पीककर्जाचा काही भाग रोख व काही भाग खताच्या रूपाने देऊ लागली. खताचा प्रसार होण्यास याचा मोठा हातभार लागला. मात्र ज्याची निकड घरखर्चाची असे, तो सोसायटीतून उचललेले पोते एखाद्या बागाइतदाराला कमी भावाने विकून टाकी; कागदोपत्री खत लहान शेतकऱ्याने वापरलेले, प्रत्यक्षात उसाला पडलेले. तरीही त्या पोत्याचे कर्ज त्याच्याच नावावर राही.

१९७३ मधील खनिज तेलाच्या दरवाढीनंतर जून १९७४ मध्ये यूरियाचा भाव टनाला २,००० रुपयांपर्यंत गेला आणि १९७४–७५ मध्ये देशातील खतांचा एकूण वापर घटला. मराठे समितीच्या शिफारशीनुसार नोव्हेंबर १९७७ पासून कारखान्याचा उत्पादनखर्च व विक्रीकिंमत यांतील फरक सरकार भरून देऊ लागले. १९५१–५२ मध्ये लाख टनाच्या आत असलेला देशातील पोषकद्रव्यांचा वापर १९९१–९२ मध्ये सु. १२७ लाख टनांवर पोहोचला, त्यात या अर्थसाहाय्याचा वाटा मोठा आहे.

जुलै १९९१ च्या अंदाजपत्रकात खतांच्या किंमती ४० टक्क्यांनी वाढविण्याचा प्रस्ताव आला. विरोध झाल्यावर ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना तीतून वगळण्यात आले. लहान शेतकऱ्यासाठी खताची वेगळी किंमत ठरविण्याचा हा देशातील पहिलाच मोठा प्रयत्न होता, म्हणून त्याच्या अपयशाची कारणे पाहण्यासारखी आहेत. एकाच दुकानात एकाच पोत्याला दोन भाव आले. कोणाला कोणता, हे ठरविण्यास सात-बारा व खाते-उतारा हाच आधार. परंतु चार भावांनी वाटून कसलेली जमीन उताऱ्यावर वडिलांच्या एकट्याच्या नावे असली, तर त्या चौघांपैकी कोणीच ‘लहान’ ठरत नाही. उलट मोठ्या जमिनीचे कुटुंबातील माणसांच्या नावे तुकडे केलेले असले, तर प्रत्येक जण लहान ठरतो. तोंडी बोलीने कसणारा वाटेकरी तर उताऱ्यावर नसतोच. शिवाय पेरणीची वाफ दोन-चार दिवसांची, आणि दाखल्यासाठी तलाठ्याची गाठ पडण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमतनियंत्रण उठविण्यात आले, यूरियाची किंमत १० टक्क्यांनी उतरविण्यात आली आणि दुहेरी किंमतीचा प्रयोग मागे पडला.

त्याचा परिणाम वापरात लगेच दिसला. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे देशातील प्रमाण १९९१–९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते १९९२–९३ मध्ये ९.५ : ३.२ : १ झाले. यास शेतकऱ्याचे अज्ञान म्हणता येणार नाही. जे स्वस्त होते ते त्याने घेतले. १ एप्रिल २०१० पासून यूरियाखेरीज इतर खतांना पोषकद्रव्याच्या प्रमाणात ठरावीक अर्थसाहाय्य देण्याची पद्धती आली. यूरिया तिच्यातून वगळला गेल्याने तफावत कायम राहिली. २०१५ मध्ये यूरियाला निंबलेपन सक्तीचे झाले व २०१८ मध्ये त्याचे पोते ५० ऐवजी ४५ किग्रॅ.चे करण्यात आले. २०२२ साली यूरियाचे हे पोते कर धरून सु. २६६ रुपयांना, डीएपीचे ५० किग्रॅ.चे पोते १,३५० रुपयांना आणि म्युरेट ऑफ पोटॅशचे सु. १,७०० रुपयांना मिळत होते. हंगामाच्या तोंडावर टंचाई असताना मागितलेल्या खताबरोबर नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात मारण्याच्या प्रकाराला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतात. दोन पोती घेणाऱ्याला दुकानदाराशी घासाघीस करता येत नाही, त्यामुळे त्याची झळ त्यालाच अधिक लागते.

रासायनिक खतांपासून दूर जाण्याच्या चळवळींपैकी दोन महाराष्ट्रातील आहेत. श्रीपाद दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने काडीकचरा व सूर्यप्रकाश यांच्या हिशेबी वापरावर भर दिला. द्राक्ष बागाइतदारांत त्याचा प्रभाव पडला. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी विकतच्या निविष्ठा पूर्णपणे टाळणारी, देशी गायीचे शेण व मूत्र यांवर आधारलेली शेती प्रतिपादिली (पद्मश्री, २०१६). तिच्या उत्पादनक्षमतेविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र ज्याच्या दावणीला गाय नाही, त्याला ही शेतीही शेण मागूनच करावी लागते.

ट्रॅक्टरने नांगरट होऊ लागल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या व अनेक घरांमागचे उकिरडे नाहीसे झाले. आज शेणखत हीदेखील विकत घ्यावयाची वस्तू झाली आहे. दुभती जनावरे असलेल्या गोठ्यांतून ते ट्रॉलीच्या भावाने विकले जाते आणि ते प्रथम जाते द्राक्ष, डाळिंब व ऊस यांच्या शेतांत. मराठवाडा व माणदेश या भागांत सुगीनंतर धनगरांचे वाडे अजून उतरतात. मेंढ्या बसविण्यासाठी शेतकरी आता आठवडा-पंधरवडा आधीच त्यांच्याशी भ्रमणध्वनीवरून बोलणी करून ठेवतात.